दोन टकांच्या मधलं पाणी

भावजी,

परवा तुमच्याकडे ते नवे शेजारी चहाला आले होते आणि तुम्ही त्या गोष्टीची पुन्हा वाट लावलीत. "रस्त्यावर जरा आडवा झालो, पाण्याचा आवाज आला, खणलं, सापडलं." संपली गोष्ट! एवढी धावपळ, एवढी फजिती, एवढी गर्दी, आणि तुम्ही ती चार क्रियापदांत गुंडाळून टाकलीत. चपलांच्या दुकानासमोरच्या खड्ड्याचं तर नावही काढलं नाहीत. लोकांना वाटतं तुम्ही नम्र आहात. नम्र कसले, आळशी आहात! जन्मभर ऐकण्याचं काम केलंत, आता सांगण्याचा कंटाळा. मी शेजारच्या खुर्चीत दातओठ खात बसले होते. धाकटीने, तुमच्या बायकोने, माझा पाय दाबला म्हणून गप्प राहिले.

आता राहणार नाही. यापुढे तुमच्याशी न बोलता जे वाचतील त्यांच्याशी बोलते, आणि स्वतःलाही 'वहिनी'च म्हणते. मध्ये तोंड घालू नका.

तुमची,
वहिनी

भावजी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. रस्त्याखालची नळी फुटली तर पाणी वर येईलच असं नसतं. ते खालच्या खाली मुरतं, गटारात शिरतं, एखाद्या भिंतीचा पाया पोखरत बसतं, आणि वरून बघावं तर रस्ता ठणठणीत कोरडा. ती फुटकी जागा भावजी कानाने शोधायचे. हत्यार एकच. छातीपर्यंत येणारी लोखंडी कांडी आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाचा पेला. रस्त्यातल्या झाकणाखाली पाणी सोडायची-बंद करायची चावी असते, तिच्यावर कांडी टेकवायची, पेल्याला कान लावायचा. नळी शाबूत असेल तर काहीच नाही. फुटली असेल तर एक बारीक, न थांबणारी सर्र. कोणी दूर कुठेतरी "श्श" म्हणतंय आणि त्याचा दम काही संपत नाही, अशी. जिथे ती सर्र सगळ्यात जवळ येईल तिथे खडूने फुली मारायची. मग मुकादम आणि त्याची माणसं ती फुली खणायची.

पहिल्या बत्तीस वर्षांत भावजींच्या किती फुल्या चुकल्या? सहा. हा आकडा त्यांनी कधी सांगितला नाही, मुकादमाने सांगितला. खात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे.

त्यांना हे काम एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं होतं. मिस्त्रींचा एक हट्ट होता. ऐकताना तोंड उघडं हवं. "मिटलंस की दात वाजतात, थुंकी गिळतोस, त्याचाच आवाज होतो. आ वासून ऐक." म्हणून बत्तीस वर्षं भावजी भर रस्त्यात कांडीवर वाकून, डोळे मिटून, आ वासून उभे असायचे. येणारे-जाणारे हसायचे. शाळेतल्या पोरी तर तोंडात चॉकलेट टाकायची पैज लावायच्या. भावजींना काही फरक पडायचा नाही. त्यांना तेव्हा वरचं जग ऐकूच येत नसे.

लहानपणी आलेल्या एका तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती, हे चोपन्नाव्या वर्षी कळलं. टाकीच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. इथून रक्त पुढे जातं, हे दार नीट उघडत नाही, हे बदलायचं.

"बदला," भावजी म्हणाले. "बत्तीस वर्षं रस्त्यातल्या चाव्या बदलून घेतोय, आता माझी."

"धातूची बसवू. टिकाऊ. पण रक्त पातळ राहायची गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. आणि तिचा आवाज येतो बरं का. टक, टक. शांत खोलीत तुम्हाला ऐकू येईल, जवळच्यांनाही येईल. सवय होते."

"किती मोठा?"

"मनगटी घड्याळाएवढा."

"हात्तिच्या!" भावजी म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आता गंमत बघा. डॉक्टरीणबाई हुशार, भावजी हुशार, धाकटी तर दोघांपेक्षा हुशार, आणि वहिनींनी कॉलेजात तीस वर्षं मुलांना ध्वनी शिकवलेला. या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की या माणसाचं पोट कशावर चालतं. इस्पितळाच्या कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात धाकटीने 'सरकारी नोकरी' असं लिहिलं होतं. बस्स.

शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, भावजी घरी आले. आणि टकटक सुरू झाली. धाकटी घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीन चालू असलं की काही नाही, मशीन थांबलं की खोलीभर टक, टक, टक. आठ दिवस दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग धाकटीला त्यातली सोय कळली.

"औषध घेतलंत?"

"घेतलं."

"खोटं."

"कशावरून?"

"भरभर वाजलं."

भावजींची घरात खोटं बोलायची सोयच गेली. ती दोरा ओवता ओवता, मान वर न करता सांगायची, "जिना चढून आलात, वाटेत थांबला नाहीत," किंवा "कोणावर तरी चिडून आला आहात." महिन्याभरात तिचा कान असा तयार झाला की डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजायला हात धरावा आणि त्यांच्या आधी हिने आकडा सांगावा. वहिनींनी घड्याळ लावून तपासलं. दोन-तीन ठोक्यांच्या वर ती कधी चुकली नाही.

आणि भावजी? त्यांना तो आवाज ऐकू येईनासा झाला. सवय होते म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, तशी झाली. आपल्याच घरातल्या पंख्याचा आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो! घात झाला तो तिथेच.

चार महिन्यांनी ते कामावर हजर झाले. पहिल्याच आठवड्यात चपलांच्या दुकानासमोरच्या चौकातून तक्रार आली की पाण्याला जोर नाही. भावजींनी झाकण उघडलं, कांडी टेकवली, पेल्याला कान लावला, आ वासला.

टक. टक. टक.

भावजींचे डोळे चमकले. सर्र नव्हती, पण हे काहीतरी होतं! नळीत काही ठिकाणी एक पत्रा असतो, पाणी उलटं जाऊ नये म्हणून बसवलेला. तो सैल झाला की असाच आपटत राहतो. बत्तीस वर्षांत दोनदाच ऐकला होता. त्यांनी वीस पावलांवर पुढच्या चावीला कांडी लावली. टक, टक. मागच्या चावीला लावली. टक, टक. सगळीकडे सारखाच!

"मुकादम, पत्रा सुटलाय! असा स्पष्ट मी उभ्या जन्मात ऐकला नाही. इथे खणा."

"सगळीकडे सारखा येतोय तर इथेच कशाला?"

"इथे जरा जास्त येतोय."

जरा जास्त येत होता, कारण ते चालून चालून दमले होते. पण हे नंतर कळलं.

भर बाजारात, भर दुपारी खड्डा सुरू झाला. गाड्या अडल्या, दुकानदार बाहेर आला, कोणीतरी खुर्च्या काढून बसलं. कमरेएवढा खणून झाला, नळी लागली. कोरडी. पुसून घ्यावी इतकी कोरडी. आणि तिथे पत्रा-बित्रा काही नव्हता, सरळसोट नळी. मुकादमाने स्वतः खाली उतरून नळीला कान लावला. काही नाही.

"पण वाजतंय ना!" भावजी खड्ड्यात उतरून त्याच्या शेजारी वाकले, कांडी लावली, आ वासला. "हे बघा. टक. टक."

मुकादम त्यांच्या तोंडासमोर होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याने आधी नळीकडे पाहिलं, मग भावजींच्या उघड्या तोंडाकडे. मग त्याने आपला कान त्या तोंडाजवळ नेला.

"दादा," तो अगदी हळू म्हणाला, "तोंड मिटा जरा."

भावजींनी मिटलं.

"आता उघडा."

भावजींनी उघडलं.

"दादा, हे तुमच्यात वाजतंय."

खड्ड्याच्या काठावर चाळीस माणसं उभी होती. आधी एक हसला, मग चाळीसही हसली. स्वतःच्या छातीतला आवाज शोधण्यासाठी रस्ता खणणारा जगात दुसरा कोणी असेल तर त्याने वहिनींना कळवावं.

शास्त्र सोपं आहे. बोट घालून कान बंद करा, आपलाच आवाज आत घुमतो. पेल्याला कान दाबला की तेच होतं. त्यात तोंड उघडं ठेवलं की छातीतल्या आवाजाला कर्णाच मिळतो. मिस्त्रींची शिकवण आणि डॉक्टरीणबाईंची झडप, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकत्र आल्यावर मात्र सत्यानाश. वहिनींनी हे सगळं भावजींना त्या संध्याकाळी समजावून सांगितलं. वर्गात तीस वर्षं सांगितलेलं ऐन वेळी सुचलं नाही, नंतर मात्र फळ्यावर लिहिल्यासारखं आठवलं!

दुसऱ्या दिवसापासून खात्यात कानसेन हे नाव गेलं आणि घड्याळ हे नाव आलं. "घड्याळ आलं का?" "घड्याळ जेवायला गेलंय." साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं.

"चार वर्षं राहिलीत तुमची. तक्रारींच्या खिडकीत बसा. सावलीत काम, खुर्ची, पंखा."

"मला ऐकायचं काम येतं, साहेब."

"यायचं."

या एका शब्दाने भावजी घायाळ झाले. छातीवर वीतभर चीर घेऊन हसत घरी आलेला माणूस, तो त्या दिवशी बूट न काढता पलंगावर बसून राहिला. धाकटीने मशीन थांबवलं आणि ऐकलं.

"काय हो, इतकं हळू का वाजतंय?"

"माझा कान गेला."

"कान आहे तिथेच आहे. हे एक वाजतंय म्हणून दुसरं ऐकू येत नाही का? मी मशीन चालवताना तुमची बडबड ऐकते ती कशी? टाका पडतो आणि पुढचा पडतो, त्याच्या मध्ये ऐकते."

भावजींनी मान वर केली. मध्ये!

सर्र कधी थांबत नाही. टक मात्र थांबते. एक टक आणि दुसरी टक यांच्या मध्ये, माणूस शांत असेल तर, जवळजवळ सेकंदभर काहीच नसतं. त्या सेकंदात ऐकायचं! भावजी उठले आणि बूट घातलेलेच मोरीत शिरले.

पुढचे तीन आठवडे त्या घरात दुसरं काही झालं नाही. धाकटी मोरीतला नळ केसाएवढा उघडायची किंवा बंद ठेवायची. भावजी स्वयंपाकघरात, त्याच नळीवर कांडी टेकवून, डोळे मिटून. "चालू!" "चूक, बंद आहे." "बंद!" "चूक!" पहिले चार दिवस सगळा आनंदीआनंद होता. पाचव्या दिवशी त्यांनी मिस्त्रींची मनोमन माफी मागून तोंड मिटलं. टक निम्मी झाली. दहाव्या दिवशी वहिनी आल्या तर दाराबाहेरून ऐकू येत होतं, "चालू! बंद! बंद! चालू!" आणि धाकटी आतून ओरडत होती, "बरोबर! बरोबर! अहो बरोबर!" वहिनींनी धाकटीला बाजूला करून स्वतः नळ हातात घेतला. धाकटी नवऱ्याला झुकतं माप देत नसेल कशावरून? वीसपैकी एकोणीस बरोबर. विसाव्याला नळाचा आटा खराब आहे, बंद केला तरी झिरपतो, हे भावजींनीच सांगितलं.

पण खात्यात हे ऐकणार कोण? भावजी तक्रारींच्या खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खात होते.

मग टेकडीवरच्या वस्तीचं पाणी बंद झालं. चारशे घरं आणि एक प्रसूतिगृह. नऊ दिवस टँकर वर खाली करत होते. टाकीतून पाणी सुटत होतं आणि वर पोहोचत नव्हतं, म्हणजे चढणीच्या रस्त्याखाली कुठेतरी मोठं भगदाड. आणि तो रस्ता गेल्याच महिन्यात नवा कोरा झालेला. रस्तेवाल्यांनी ठणकावून सांगितलं की एक खड्डा देऊ, दुसरा मागायला येऊ नका.

साहेबांनी बाहेरून मशीन मागवलं. दोन टोकांना दोन डबे लावायचे, मधल्या नळीची लांबी भरायची, ते हिशेब करून जागा सांगतं. मशीनने सांगितलं: वाचनालयाच्या फाटकासमोर. तिथे फुलीही मारली. रविवारी सकाळी आठला खणायचं ठरलं.

भावजी खिडकीत बसून त्या रस्त्याच्या तक्रारी नऊ दिवस लिहून घेत होते. एक बाई रोज यायची. तिचं घर वाचनालयाच्या बरंच वर, वळणावर. ती पाण्याची तक्रार करायचीच नाही. "आमचं दार चिकटतंय," म्हणायची. "दहा दिवसांपूर्वी चिकटत नव्हतं." सगळे तिला म्हणायचे, बाई, सुताराला बोलवा. भावजींना मात्र ते दार सुटेना. दार चिकटतं म्हणजे चौकट हलली. चौकट हलली म्हणजे खालची माती हलली.

रविवारी सकाळी सात वाजता ते कांडी घेऊन घरातून पळाले. गोळी न घेता! धाकटीने डबी बघितली, कपाळावर हात मारला, पलीकडच्या गल्लीतून वहिनींना हाक मारली, आणि दोघी जावा चढणीला लागल्या. एकीच्या हातात गोळी, दुसरीच्या हातात पाण्याची बाटली.

पोहोचल्या तेव्हा तमाशा रंगात आला होता. साहेब, मशीनवाले दोघे, मुकादम आणि त्याची सहा माणसं, वाचनालयाचा रखवालदार, आणि टेकडीवरून हंडे-बादल्या घेऊन उतरलेली निम्मी वस्ती. भावजी फुलीवर पाय रोवून उभे होते.

"इथे नाही, साहेब. वर वळणावर ऐकू द्या, पाचच मिनिटं."

"घड्याळाला पाच मिनिटं हवी आहेत," मागून कोणीतरी म्हणालं. हशा.

साहेब म्हणाले, "आणि पुन्हा तुमच्या छातीतलं ऐकू आलं तर? एकच खड्डा आहे माझ्याकडे."

"तर उद्या राजीनामा देतो. खिडकीतही बसणार नाही."

ही गोष्ट घरात ठरलेली नव्हती. पण धाकटी फक्त पुढे झाली, गोळी त्यांच्या तोंडात कोंबली आणि म्हणाली, "गिळा. मग काय द्यायचं ते द्या."

मुकादमाने साहेबांकडे पाहिलं. "पाच मिनिटांत कुदळ गंजत नाही, साहेब."

भावजी वळणाकडे जवळजवळ धावत गेले. गर्दी मागे. झाकण उघडलं, कांडी टेकवली, कान लावला, तोंड मिटलं.

टकटकटकटकटक.

मध्ये जागाच नव्हती! चढण, धावणं, साहेब, राजीनामा, दोनशे डोळे. छातीत नुसता ताशा वाजत होता. भावजींनी कांडी काढून पुन्हा लावली. टकटकटकटक. घाम सुटला, घाम सुटला म्हणून भीती वाटली, भीती वाटली म्हणून आणखी भरभर. एरवी माणूस म्हणतो काळजाचा ठोका चुकला; इथे एक चुकला असता तर उपकार झाले असते.

"एकशे वीस," धाकटी म्हणाली. तिने दोन हातांवरून ऐकलं होतं. "असं कसं ऐकाल? आडवे व्हा."

"काय?"

"झोपा! घरी आडवे झालात की खाली येतं. झोपा इथेच."

भावजींनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग मुकादमाने अवजारांवरची ताडपत्री ओढून काढली आणि झाकणाशेजारी पसरली. आणि खात्याचे बत्तीस वर्षं जुने नोकर भर रस्त्यात, भर सकाळी, पाय पसरून उताणे झोपले.

गर्दीत हाहाकार! मागच्यांना काही दिसत नव्हतं. "पडले!" "गेले!" "अहो, त्यांना हार्टचं आहे!" एक बाई रडायला लागली. कोणीतरी इस्पितळाला फोन लावला. दोघे जण छाती दाबायला पुढे आले, बरगड्या मोडल्या असत्या मेल्यांनी. वहिनींनी दोघांना दंडाला धरून मागे खेचलं आणि शंभर मुलांच्या वर्गात लागायचा तो आवाज काढला:

"मेलेले नाहीत! ऐकतायत! एकानेही श्वास मोठ्याने घ्यायचा नाही!"

चढणभर शांतता पसरली. हंडे खाली ठेवले गेले, तेही अलगद.

धाकटी रस्त्यावर त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसली. "एकशे दहा." आभाळात एक घार फिरत होती, भावजी तिच्याकडे बघत होते. "शंभर. श्वास सोडा." मशीनवाल्याने टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाच ठाऊक. "नव्वद." रखवालदार चवड्यांवर उभा होता. "ब्याऐंशी. घाई नका करू." साहेबांनी घड्याळ बघायला हात उचलला आणि वहिनींची नजर बघून तसाच खाली नेला. "चौऱ्याहत्तर." आणि मग, फार वेळाने, अगदी हळू: "अडुसष्ट. आता."

भावजी कुशीवर वळले. मुकादमाने कांडी तिरपी करून टोक चावीवर धरलं. भावजींनी आडव्या-आडव्याच पेल्याला कान लावला.

टक. काही नाही. टक. काही नाही. टक.

आणि मग त्या मधल्या जागेत, अरुंद बोळातून कोणी बोलवावं तशी: सर्र.

टक. सर्र. टक. सर्र. टक.

भावजींचा चेहरा उजळला, आणि लगेच धाकटी कडाडली, "ऐंशी! आनंद नंतर!" त्यांनी डोळे घट्ट मिटले. ताडपत्री चार पावलं वर सरकवली, पुन्हा आडवे. सर्र मोठी. आणखी चार पावलं, पुढच्या घरचा नळ, आडवे. आणखी मोठी. त्या चिकटणाऱ्या दाराच्या पायरीपाशी कांडी टेकवली आणि भावजी हसायलाच लागले. आता टकेची पर्वा नव्हती. खालचा आवाज तिला गिळून टाकत होता.

"खडू!"

खडू सापडेना. भावजींनी बूट काढून त्या जागी ठेवला.

"इथे."

साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. खाली मशीनची फुली, वर चपटा झालेला एक काळा बूट. मग ते मुकादमाला म्हणाले, "तुम्ही सांगा."

मुकादमाने हातावर थुंकून कुदळ उचलली आणि बुटाकडे चालायला लागला.

गुडघाभर खणलं, कोरडं. गर्दीत कुजबुज. मांडीभर खणलं, कोरडं. "झालं," मागून कोणीतरी म्हणालं. भावजी काठावर एका पायात बूट घालून उभे होते आणि त्यांचं नव्वदच्या वर गेलेलं सगळ्या रस्त्याला ऐकू येत होतं. मग एका माणसाची पहार एकाएकी मुठीपर्यंत आत गेली. तो ओरडून मागे सरला, आणि पहारेच्या मागोमाग पाणी आलं. आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग असं उसळलं की मुकादम, साहेब, मशीनवाले सगळे नखशिखांत भिजले! पोकळी एवढी मोठी होती की आणखी चार दिवसांत ते घर दारासकट खाली बसलं असतं. टेकडीवरची माणसं हंडे भरायचं सोडून नाचत होती. कोणीतरी "कानसेन!" अशी आरोळी ठोकली आणि मग ती थांबेचना.

मशीनवाला पोरगेला माणूस, पण सज्जन. भिजलेला नकाशा उलगडून म्हणाला, "काका, नळी वाचनालयापाशी वळलीय, तिचा फेरा नकाशात नाही. आम्ही लांबीच चुकीची भरली." भावजी म्हणाले, "तुमच्या मशीनला कान आहे. मला जरा शिकवा ते." आणि ते खरंच शिकले, पुढची चार वर्षं दोन्ही वापरलं. साहेबांनी तक्रारींच्या खिडकीत दुसरा माणूस बसवला. भावजींच्या गाडीत कायमची एक घडी केलेली ताडपत्री असायची.

त्या गडबडीत पाण्याच्या लोंढ्याने कांडी खड्ड्यात पडली आणि लाकडाचा पेला दगडावर आपटून उभा चिरला. संध्याकाळी सगळे घरी बसले तेव्हा भावजींनी तो पिळून वेगळा केला आणि वहिनींच्या हातात दिला. वहिनींच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार आहे, लाकडाची कातीव कामं करतो. त्याच्याकडून नवा करून आणायचा ठरला. वहिनी दुसऱ्याच दिवशी गेल्या. सुताराने पेला उलटसुलट बघितला आणि म्हणाला, नुसता हा नको, कांडीही आणा, भोक तिच्या मापाचं पाडावं लागेल. वहिनींनी निरोप पाठवला, कांडी आणून द्या. भावजींचा निरोप आला, तुम्हीच घेऊन जा, मी कामावर असतो. खात्याने दरम्यान रबरी टोकाची नवी कांडी दिली. मग भावजी निवृत्त झाले. कांडी त्यांच्या दाराआड उभी आहे, पेला वहिनींच्या चमच्यांच्या खणात. दोन घरांमध्ये एक गल्ली. सुतार अजून दुकानात बसतो, वहिनी समोरून गेल्या की विचारतो, आणलीत का?